पायलटमधून निघून गेलेल्या दहा बायकांचं काय लिहायचं?

पत्र थोडक्यात: धुळे जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलंय, नाव, गाव, कॉलेज काहीच देत नाही. ताई पीएचडी करतायत. कापूसपट्ट्यातल्या गावांत ज्या बायकांचं मन सतत उदास असतं, त्यांच्यासाठी आशाताईंनी आठवड्याला एक अशी ६ सेशन घ्यायची, असा त्यांचा प्रयोग. ४० बायका, चिठ्ठ्या टाकून २ ग्रुप, २० जणींना सेशन आणि २० जणींना उपकेंद्रात नेहमी मिळते तेवढीच सेवा. मोजमाप पीएचक्यू-९ या ९ प्रश्नांच्या प्रश्नावलीने, सुरुवातीला आणि १२ आठवड्यांनी. शेवटच्या मोजणीला ३० जणीच भेटल्या, सेशनवाल्या ग्रुपमधून ७ गळाल्या आणि दुसऱ्यातून ३. उरलेल्यांत सेशनवाल्यांचा स्कोअर दुसऱ्या ग्रुपपेक्षा सरासरी ३.२ ने कमी आला (स्कोअर कमी म्हणजे उदासी कमी) आणि पी व्हॅल्यू ०.०४, म्हणजे सेशनचा काही उपयोग नसताना नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसायची शक्यता १०० त ४. गाईड सर म्हणतात, टायटलमधून ‘पायलट’ (मोठ्या ट्रायलआधीची छोटी चाचणी) हा शब्द काढ, गळती एका ओळीत उरक, ‘परिणामकारक ठरले’ असं लिही, नाहीतर कुठलंच जर्नल पेपर घेणार नाही. मधल्या काळात एका बाईने नवव्या प्रश्नाला, म्हणजे जीव द्यायचे विचार येतात का याला, हो म्हटलं होतं, तिला जिल्हा रुग्णालयात नेलं. तेही सर गाळायला सांगतात. ताई विचारतात, ‘आकडे तर खरेच आहेत, मी काही बनवलेलं नाही, मग थोडं गाळलं तर ते खोटं होतं का? आणि सगळं लिहिलं तर माझा प्रयोग फसला असंच दिसणार ना?’

उत्तर:

ताई, तुम्ही ज्याला फसलेलं म्हणताय तोच भाग मला तुमच्या पत्रात सगळ्यात कामाचा वाटला. स्कोअर ३.२ ने उतरला हे तुम्ही एका ओळीत लिहिलंय, आणि बायका का आल्या नाहीत ते सांगायला तुम्हाला दीड पान लागलं, वेचणी सुरू झाली, किलोवर मजुरी मिळते त्यामुळे दुपारचा एक तास सोडला तर तेवढे पैसे बुडतात, मग सेशन संध्याकाळी घेतलं तर स्वयंपाकाची वेळ, मग आशाताईंना मधेच सर्वेक्षणाचं काम लागलं म्हणून दोन सेशन एकात घ्यावी लागली. हे सगळं तुमच्या वहीत आहे आणि पेपरच्या ड्राफ्टमध्ये नाही. खरी अडचण मला इथे दिसते.

आधी एक मूळ प्रश्न विचारते. तुमची ही ट्रायल कशासाठी होती? तुम्ही आणि सर दोघंही धरून चाललाय की सेशनचा उपयोग होतो का हे ठरवायला. पण ४० बायकांच्या पायलटकडून ते उत्तर मिळूच शकत नाही, आणि ते द्यायचं तिचं कामही नाही. पुढे कधीतरी ४०० बायकांवर ही ट्रायल करायची तर ती करता येईल का, हे पायलट सांगते. बायका यायला तयार होतात का, चिठ्ठीत दुसरा ग्रुप आला तर रुसून जातात का, सहापैकी किती सेशनला बसतात, आशाताईंना शिकवलं तसं त्या घेतात का, १२ आठवड्यांनी बाई परत सापडते का. या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे, बहुतेकांचं तर कारणासकट आहे. म्हणजे ट्रायल तिच्या कामात पास झालीय, तुम्ही तिला दुसऱ्याच पेपरचे मार्क देताय.

हे माझं एकटीचं मत नाही. ट्रायल कशी लिहावी याचे कॉन्सॉर्ट नावाचे नियम १९९६ पासून आहेत, तुमच्या सरांना ते माहीत असणारच. पण ते मोठ्या ट्रायलसाठी होते आणि पायलटवाले लोक तेच वापरून अडकायचे, म्हणून सँड्रा एल्ड्रिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास रँडमाइज्ड (चिठ्ठ्या टाकून ग्रुप पाडलेल्या) पायलट आणि फिजिबिलिटी (हे करता येईल का ते बघणाऱ्या) ट्रायलसाठी वेगळी पुरवणी केली, ती २०१६ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये आली, २६ मुद्द्यांची चेकलिस्ट आहे, नेटवर फुकट मिळते. त्यात अगदी पहिलीच अट आहे की टायटलमध्ये पायलट किंवा फिजिबिलिटी हा शब्द हवा. म्हणजे सर जो शब्द काढायला सांगतायत तो नसेल तर जाणकार रिव्ह्यूअर पहिल्याच ओळीला थांबेल.

आणि दुसरं, पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी करताना पायलट असंच लिहिलं होतं. फार चांगलं केलंत. ही नोंद सगळ्यांना दिसते, १ एप्रिल २०१८ पासून तर तिथे पहिली व्यक्ती घेण्याआधीच नोंद करावी लागते, आणि नंतर काय बदललं त्याचा मागही तिथे राहतो. उद्या पेपरमध्ये पायलट शब्द नाही आणि मुख्य मोजमाप ‘किती जणी टिकल्या’ ऐवजी ‘स्कोअर किती उतरला’ झालं तर कुणीही पाच मिनिटांत दोन्ही शेजारी ठेवून विचारेल, हे कधी बदललं. तेव्हा उत्तर सरांना नाही तुम्हाला द्यावं लागेल, कारण पहिलं नाव तुमचं.

आता त्या ०.०४ बद्दल, कारण सगळा मोह तिथेच आहे. तुमच्याच आकड्यांवरून मागे मोजलं तर ३.२ या फरकाचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्या दोन टोकांमध्ये असू शकतो तो पट्टा, साधारण ०.२ ते ६.२ येतो. पीएचक्यू-९ चा स्कोअर ० ते २७ असतो. त्यात ०.२ म्हणजे त्या बाईला घरात काही फरक जाणवणारच नाही, आणि ६ म्हणजे तिचा दिवस बदलला. तुमचा डेटा या दोन्ही टोकांशी जुळतो, मग ‘परिणामकारक ठरले’ कशाच्या जोरावर लिहायचं? शिवाय हा हिशोब १३ विरुद्ध १७ जणींचा आहे. गेलेल्या ७ जणी धरा आणि समजा त्यांना सेशनचा काहीच फायदा झाला नाही, त्यांची सरासरी दुसऱ्या ग्रुपसारखीच राहिली, तर फरक ३.२ वरून २ च्या आसपास उतरतो. तसंच झालंय असं मी म्हणत नाही, पण झालं नाही हे तुम्हालाही दाखवता येणार नाही, आणि ज्यांना बरं वाटत नव्हतं त्याच यायच्या बंद झाल्या हे अगदीच शक्य आहे ना.

अजून एक, तुमच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या ग्रुपचाही स्कोअर उतरलाय. तो उतरणारच, कारण तुम्ही बायका निवडल्याच त्या वेळी स्कोअर जास्त होता म्हणून, आणि माणूस सगळ्यात खाली असताना मोजला की पुढच्या वेळी बहुतेक थोडा वर आलेलाच सापडतो. म्हणून ‘आधी-नंतर’चा जो मोठा ग्राफ सरांनी घालायला सांगितलाय तो घालू नका, दोन ग्रुपमधला फरक आणि त्याचा इंटरव्हल एवढं टेबलात द्या. २०१६ ची ती पुरवणी तर म्हणते की पायलटमध्ये परिणामाची परीक्षा पी व्हॅल्यू लावून घेऊच नये.

यात नुकसान कुणाचं, असं सर विचारतील. नुकसान पुढच्या संशोधकाचं आणि पुढच्या बायकांचं. कुणीतरी तुमचा पेपर वाचून ३.२ हा फरक खरा धरून मोठ्या ट्रायलची संख्या काढेल, छोट्या ट्रायलमधला ‘सिग्निफिकंट’ (पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली) म्हणून निवडून आलेला फरक सहसा खऱ्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे संख्या कमी पडेल, आणि एवढा पैसा, आशाताईंचा एवढा वेळ, बायकांची एवढी खाजगी उत्तरं घेऊन शेवटी निकाल धूसर लागेल. हेलेना क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच हे मानसिक आरोग्याच्या संशोधनाबद्दल बजावून ठेवलंय, पायलटच्या फरकावरून मोठ्या ट्रायलची संख्या ठरवू नका म्हणून. आणि त्याच संशोधकाने पुन्हा वेचणीच्या दिवसांतच सेशन ठेवली तर? तुम्ही गळती एका ओळीत उरकली तर त्याला कळणार कसं?

म्हणून त्या १० जणींना पेपरमध्ये नीट जागा द्या. किती जणींना विचारलं, किती नाही म्हणाल्या आणि का, किती घेतल्या, कुठल्या ग्रुपमधून किती केव्हा गेल्या, याचा फ्लो डायग्राम असतो तो अख्खा द्या. तुम्ही लिहिलंय की ७ पैकी बहुतेक जणी वेचणीमुळे गेल्या, एक माहेरी गेली ती आलीच नाही आणि एकीच्या सासूने नको म्हटलं, हे असंच लिहा, फक्त सासूवालं वाक्य असं लिहा की गावातल्या कुणाला ती कोण ते ओळखता येणार नाही, कारण ४० बायकांत ओळखू येणं फार सोपं असतं. सेशनवाल्या २० पैकी १३ शेवटपर्यंत सापडल्या म्हणजे ६५ टक्के, पण २० जणींवरच्या ६५ टक्क्यांचा इंटरव्हल साधारण ४३ ते ८२ येतो, तोही द्या. नुसतं ६५ लिहिलं की वाचणारा तेच धरून बसतो. गेलेल्या बायकांना आता परत भेटून कारणं नव्याने विचारायची इच्छा होईल, ती आधी एथिक्स कमिटीला कळवून, परवानगी घेऊनच करा. सहज गप्पा म्हणून मिळालेली माहिती पेपरमध्ये डेटा म्हणून घालू नका.

पत्रात आणखी एक गोष्ट आहे जी तुम्ही कंसात टाकलीय, मला वाटतं ती पेपरच्या चर्चेत अर्धं पान मागते. एकाच घरातल्या दोन जावा, एक एका ग्रुपमध्ये, दुसरी दुसऱ्यात. आणि आशाताई ओट्यावर सेशन घ्यायच्या तेव्हा दुसऱ्या ग्रुपच्या बायकाही शेजारी येऊन बसायच्या. आता आपल्या गावात ओट्यावरून कुणाला ऊठ म्हणणार? कुणी म्हणणारही नाही, म्हणूही नये. पण याचा अर्थ दुसऱ्या ग्रुपलाही थोडं सेशन मिळालं, आणि मोठ्या ट्रायलमध्ये चिठ्ठ्या बाईच्या नावाने न टाकता गावाच्या नावाने टाकाव्या लागतील, अख्खं गाव एका ग्रुपमध्ये. त्याने संख्या वाढते, खर्च वाढतो, सगळा आराखडाच बदलतो. एवढा मोठा निर्णय तुमच्या कंसातल्या वाक्यावर अवलंबून आहे, आणि सर म्हणतात तसा पेपर लिहिला तर तो कंस पहिल्यांदा उडेल.

नवव्या प्रश्नाला हो म्हणालेल्या बाईबद्दल मी ठामपणे सांगते, हे गाळू नका. सरांना भीती आहे की अवघड प्रश्न येतील. येऊ देत की, तुमच्याकडे उत्तर आहे, तुम्ही त्याच दिवशी तिच्यासोबत जिल्हा रुग्णालयात गेलात, घरच्यांशी बोललात, आशाताईंना रोज चौकशी करायला सांगितलंत. पायलटच्या चेकलिस्टमध्ये त्रास आणि अनपेक्षित परिणाम लिहायला स्वतंत्र जागा आहे. आणि समजा कमिटीला तेव्हा कळवलं नसेल तर पेपरच्या आधी ते करा, उशिरा का होईना लेखी. तुमच्या मागून कुणी शहाद्याच्या किंवा चोपड्याच्या गावात हीच प्रश्नावली घेऊन जाईल, त्याला कळायला हवं की ४० बायकांत हा प्रसंग येऊ शकतो आणि त्या दिवशी गाडी कुठली, डॉक्टर कोण, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो सेशनच्या प्रत्येक कागदावर छापायला हवा, हेही पुढच्या ट्रायलसाठीची सूचना म्हणून लिहा.

पुढे जायचं की नाही याचे निकष आधी ठरवले होते का, हे तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे बहुधा नव्हते. पुष्कळ ठिकाणी हे सिग्नलच्या रंगांत ठरवतात, इतके टक्के टिकले तर हिरवा म्हणजे तसंच पुढे, इतके असतील तर पिवळा म्हणजे बदल करून पुढे, त्याखाली लाल. आता निकाल हातात आल्यावर ‘आम्ही ६० टक्के ठरवले होते’ असं लिहायचा मोह होईल कारण ६५ आलेत. नका लिहू. सरळ लिहा की निकष आधी ठरवले नव्हते, आणि आलेल्या अनुभवावरून पुढच्या ट्रायलसाठी आम्ही अमुक निकष सुचवतो. तसंच ४० हा आकडा कुठून आला ते. छोट्या ट्रायलसाठी ग्रुपमागे १२ पुरेत असा एक २००५ चा नियम लोक सर्रास चिकटवतात, तुम्ही तो वापरला नसेल तर आता चिकटवू नका, २ आशाताई, एका हंगामाचा वेळ आणि खिशातला पैसा यात ४० बसल्या हे खरं कारण आहे आणि ते चालतं. चेकलिस्ट संख्येमागचं कारण मागते, फॉर्म्युलाच हवा असं म्हणत नाही.

सेशनबद्दल तर तुमच्या ड्राफ्टमध्ये एवढंच आहे, ‘आशा कार्यकर्तींमार्फत ६ समुपदेशन सत्रे घेण्यात आली’. यावरून उद्या साक्रीतली एखादी नर्स काय करणार? गोळीची ट्रायल असती तर पाकिटावर मिलीग्राम लिहिलेलं असतं, वागण्या-बोलण्यातून द्यायच्या उपचाराला पाकीटच नसतं, तुम्ही लिहाल तेवढंच पुढे जाईल. यासाठीही २०१४ ची टायडिअर नावाची १२ मुद्द्यांची यादी आहे, कोणी दिलं, त्यांना शिकवलं किती दिवस, काय साहित्य, कुठे, किती वेळ, कुणासाठी काय बदललं, मधेच काय बदलावं लागलं, आणि ठरल्याप्रमाणे खरंच किती दिलं गेलं. तुमच्या आशाताईंनी प्रश्न अहिराणीतून विचारले, दिवसभरातली एक आवडीची गोष्ट ठरवायचा जो भाग होता त्यात बायकांनी ओव्या म्हणणं, शेजारणीकडे जाणं, शेळीला चारायला नेणं असं निवडलं, दोन सेशन एकत्र झाली, ती कुठली दोन, आणि त्या दिवशी काय राहून गेलं. हे सगळं मुख्य पेपरमध्ये मावत नसेल तर पुरवणीत टाका, पण टाका. आशाताईंच्या हातातली पुस्तिका स्कॅन करून जोडली तर सोन्याहून पिवळं.

गोव्यात संगाथ या संस्थेने साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून उदासीनतेवर उपचार देऊन बघितले, ४९५ लोकांची ती ट्रायल लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली, ६ ते ८ सेशन, तुमच्या कल्पनेच्या अगदी जवळची. पण मोठ्या ट्रायलच्या आधी त्यांनी उपचार टप्प्याटप्प्याने तयार केला, छोट्या प्रमाणावर वापरून बघितला, बदलला, आणि तो प्रवासही वेगळा पेपर म्हणून छापला. सरांना तो पेपर दाखवा. घेतात जर्नलं, तो प्रवास नीट लिहिलेला असला तर.

आता सर. पत्रात तुम्ही त्यांना थोडं खलनायक केलंय, मला तसं वाटत नाही. त्यांच्या काळात पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की पेपर लागायचा, वर गेली की फाईल कपाटात. त्यांनी पाच विद्यार्थ्यांचे पेपर परत आलेले बघितले असतील, त्यांना तुमची डिग्री लवकर व्हावी असंच वाटतंय. म्हणून ‘सर हे अनैतिक आहे’ अशी सुरुवात करू नका, त्याने दार बंद होतं. २०१६ ची चेकलिस्ट प्रिंट करा, प्रत्येक मुद्द्यासमोर ड्राफ्टमधलं पान लिहा, जिथे पान नाही तिथे रिकामं सोडा आणि तो कागद घेऊन जा, ‘सर, जर्नलने हा फॉर्म मागितला तर इथे काय लिहू?’ असं विचारा. पुष्कळ जर्नलं पेपर पाठवताना हा भरलेला फॉर्म मागतातच. सोबत अॅबस्ट्रॅक्टचा, म्हणजे पेपरच्या सारांशाचा, तुमचा मसुदा न्या, साधारण असा, ‘ही रँडमाइज्ड पायलट ट्रायल होती. आशा कार्यकर्तींनी घेतलेली ६ सेशन कापूस पिकवणाऱ्या गावांत घेता येतात का, बायका सहभागी होतात आणि टिकतात का, हे तपासलं. ४० जणी सहभागी झाल्या, १२ आठवड्यांनी ३० जणींची मोजणी झाली, सेशन ग्रुपमध्ये २० पैकी १३. गळतीचं मुख्य कारण वेचणीचा हंगाम. दोन्ही ग्रुपमध्ये संपर्क झाल्याने पुढील ट्रायल गावनिहाय करावी लागेल. एका सहभागी महिलेला तातडीने मानसोपचाराकडे पाठवावं लागलं. परिणामकारकतेबद्दल या ट्रायलवरून निष्कर्ष काढता येत नाही.’ हे वाचून सरांना कळेल की सांगण्यासारखं भरपूर आहे, आणि शेवटच्या वाक्याने पेपर पडत नाही.

‘जर्नल घेत नाही’ हे पूर्वी बरंच खरं होतं. आता पायलट अँड फिजिबिलिटी स्टडीज नावाचं खास जर्नलच २०१५ पासून निघतं. फी असते, सवलत मिळते का ते पाठवायच्या आधी विचारा. आणि घाई डिग्रीसाठी असेल तर विद्यापीठाचा आताचा नियम कागदावर बघा, यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनी थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती काढलीय, विद्यापीठं आपापली अट ठेवू शकतात, पण पुष्कळ विद्यार्थी जुन्याच अटीच्या भीतीने धावत असतात. थिसिसमध्ये तर शब्दमर्यादेची अडचणच नाही, सगळं तपशीलवार तिथे लिहा, तो शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात, जाईल आणि नंदुरबारची एखादी मुलगी तो उघडून वाचेल.

सर तरीही ऐकले नाहीत तर? मग कशावर थोडं सोडायचं आणि कशावर नाही ते घरूनच ठरवून जा. ग्राफ कुठला, चर्चा किती पानं, पी व्हॅल्यू टेबलाच्या कोपऱ्यात राहू दे असा आग्रह असेल तर राहू दे, इंटरव्हल शेजारी असला म्हणजे झालं. पण पायलट हा शब्द, कुठल्या ग्रुपमधून किती गेल्या तो हिशोब, आणि त्या बाईचा प्रसंग, यावर हटू नका. मेडिकल कॉलेजच्या पीएसएम (सार्वजनिक आरोग्याच्या) विभागात आकडेवारी जाणणारे कुणीतरी असतात, त्यांना सहलेखक म्हणून किंवा नुसते सल्ल्यासाठी मधे घ्या, सरांना विद्यार्थिनीकडून ऐकणं जड जातं ते बरोबरीच्या माणसाकडून सोपं जातं. आणि जे ठरेल ते मेलवर लिहून ठेवा, भांडणासाठी नाही, सहा महिन्यांनी रिव्ह्यूअरचे प्रश्न आले की काय का ठरलं होतं ते दोघांनाही आठवायला लागतं.

तुमचा मूळ प्रश्न होता, गाळलं तर ते खोटं होतं का. ताई, तुमचा एकही आकडा खोटा नाही, पण तुम्ही मांडलेले खरे आकडे वाचून माणसाची समजूत खोटी होणार असेल, आणि ती होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल, तर हो, मला तरी ते खोटंच वाटतं. तुमचं मन खातंय ते याचमुळे, आणि ते बरोबर खातंय.

हे फक्त उदासीनतेच्या सेशनपुरतं नाही. आपल्याकडे मिश्री-तंबाखू सोडवायचे, दारूचे, शाळेतल्या पोरांच्या मोबाईलचे किती छोटे प्रयोग कॉलेजांतून होतात, नर्सिंगच्या, समाजकार्याच्या, मानसशास्त्राच्या मुली गावोगाव फिरतात. धडगाव-अक्कलकुव्याकडे दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात, तिथे नोव्हेंबरात सुरू केलेल्या ट्रायलचा ३ महिन्यांचा फॉलोअप कुणाचा होणार? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुना माहेरी जातात, श्रावणात कानबाईच्या सणाच्या दिवसांत घरात पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येक जण हे आपापल्या खर्चाने शिकतो आणि ‘काही सहभागी उपलब्ध झाले नाहीत’ असं लिहून मोकळा होतो, मग पुढचा पुन्हा नोव्हेंबरातच सुरू करतो. तुमच्यासारखं पत्र आणखी कुणाच्या मनात असेल तर त्यांनी निदान एवढं करावं, ट्रायल सुरू व्हायच्या आधी गावाचं वर्षाचं कॅलेंडर आशाताईंसोबत बसून काढावं, पुढे जायचे निकष त्याच दिवशी कागदावर लिहावे, आणि कोण का गेलं याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी, कारण नंतर आठवून लिहिलेली कारणं सगळी सारखीच निघतात.

आणि ताई, पेपर कुठे लागेल तेव्हा लागेल, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि त्या दोन आशाताईंना दोन पानांचं मराठी टिपण आत्ताच द्या, स्कोअरचं शेवटी टाका, वर हे टाका की ऑक्टोबर ते डिसेंबर सेशन ठेवू नयेत, ठेवायचीच तर वेचणीला सुट्टी असते त्या बाजारच्या दिवशी ठेवावीत, आणि आशाताईंवर सर्वेक्षणाचं काम असेल त्या आठवड्यात सेशन पुढे ढकलावं. त्या बायकांनी नऊ-नऊ प्रश्नांची उत्तरं दिलीत, टिपण घेऊन गावात गेलात की त्यांनाही ओट्यावर बसून वाचून दाखवा, ज्या मधेच गेल्या त्यांनाही बोलवा.